मदत हवी आहे: डॅशकॅमची लोंबणारी वायर लपवायची कशी?

सांजवेळ (गुरुवार, रात्री ९.४०)
डॅशकॅम (रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा) काचेला चिकटवलाय, चालतोयही व्यवस्थित. अडचण वायरची आहे. आरशापासून डॅशबोर्डवर, तिथून खाली सॉकेटपर्यंत नुसती लोंबते. काल बाबा तिसरा गिअर टाकायला गेले आणि वायरचा वेढा त्यांच्या मनगटात अडकला. मागून बस होती. माझ्या पोटात गोळा आला.
शनिवारी पहाटे गुहागरला निघायचंय. दुकानवाला म्हणतो सोमवारी या. मीच बसले करायला. छताच्या अस्तरात वायर सरकली, कोपऱ्यापर्यंत छान गेली. पुढे काचेच्या बाजूच्या खांबाशी घोडं अडलंय. त्याचं प्लास्टिक ओढलं की निघतं का? सध्या दाराच्या रबरात खुपसून ठेवली आहे. प्लीज लवकर सांगा.

तांबडी_माती
गाडी कुठली? आणि वायर किती लांब आहे?

गिअरबदल
निघतं हो, बिनधास्त ओढा. वरून बोटं घालायची, छातीच्या दिशेने खेचायचं, टक् टक् क्लिपा सुटतात. मी माझ्या जुन्या वॅगनआरचं दहा मिनिटांत केलं होतं. एखादी क्लिप तुटलीच तर नाना पेठेत सुटी मिळते.

वायरजोड
कृपया ओढू नका. आधी गाडीचं मॉडेल, साल आणि व्हेरिएंट सांगा. एअरबॅग किती आहेत?

सांजवेळ
बलेनो आहे. पण खांब तर सगळ्याच गाड्यांना असतो ना? आणि एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते, वायर तिकडून जातच नाहीये. मला फक्त प्लास्टिक कसं काढायचं ते हवंय.

हेमंत_अकोला
कॅमेऱ्यात बॅटरी आहे की कपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग), ते बघा आधी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळ त्याहून कितीतरी जास्त. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. दुसरा कपॅसिटरवाला घेतला, चौथा उन्हाळा चालू आहे. मेमरी कार्डही साधं घालू नका, सतत रेकॉर्डिंगसाठीचं वेगळं मिळतं तेच घ्या.

वायरजोड
सांजवेळ, तुमचा प्रश्न प्लास्टिकचा वाटतो, पण खरा मुद्दा त्याच्या मागे काय आहे हा आहे. २०२२ ला आलेल्या नव्या बलेनोत झेटा आणि अल्फा या व्हेरिएंटना सुरुवातीपासूनच सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या दोन पडद्यासारख्या असतात आणि छताच्या कडेने, दारांच्या वर घडी घालून बसवलेल्या असतात. पुढचं टोक त्या खांबात उतरतं. धडक बसली की पापणी लवायच्या आत त्या अस्तराची कड फोडून बाहेर येतात. तुमची वायर त्या फुगणाऱ्या पिशवीच्या आडवी असेल तर पिशवी वाकडी उघडू शकते, किंवा वायर आणि प्लास्टिकचा तुकडा बाबांच्या चेहऱ्यावर येऊ शकतो. आत्ता खाली जा आणि खांबाच्या प्लास्टिकवर 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलंय का ते मोबाईलच्या उजेडात बघा.

गिअरबदल
उगीच घाबरवताय. अर्ध्या पुण्यातल्या ॲक्सेसरीवाल्यांनी रबरातूनच वायरी नेल्यात.

वायरजोड
नेल्यात हे खरं आहे, आणि म्हणूनच मी हा विषय लावून धरतो. वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. ज्यांनी नेल्या त्यांच्या गाडीला पडदा एअरबॅग नसेल तर काही बिघडत नाही. तुमच्या वॅगनआरला नव्हती, म्हणून तुमची पद्धत तुमच्यासाठी बरोबर होती. इथे ती लागू होत नाही.

सांजवेळ (रात्री १०.५५)
जाऊन बघितलं. लिहिलंय. दोन्ही खांबांवर, अगदी खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत. तीन वर्षं त्या गाडीत बसतेय, कधी लक्ष गेलं नाही. झेटाच आहे. रबरातली वायर लगेच काढली.
आता काय करू?

स्टुटगार्टकर
अवांतर: इकडे जर्मनीत डॅशकॅम म्हटलं की आधी कायद्याची चर्चा होते. सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की सतत रेकॉर्डिंग करणं खासगीपणाच्या नियमांत बसत नाही, तरी अपघाताच्या दाव्यात ते चित्रण पुरावा म्हणून चालू शकतं. भारतात विमा कंपन्या मानतात का असा पुरावा?

तांबडी_माती
त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे ताईंना परवा निघायचंय.
सांजवेळ, वायरची लांबी सांगितलीच नाहीत. आणि चार्जर सॉकेटमध्येच लावायचाय की फ्यूजवरून घ्यायचंय?

सांजवेळ
खोक्यावर ३.५ मीटर लिहिलंय. सॉकेटमध्येच. फ्यूज वगैरे मला जमणार नाही.

पुणेरी_फ्यूज
सॉकेट कशाला अडवता? फ्यूज टॅप (फ्यूजमधून जादा वायर काढायचा जोड) घ्या, शंभर-दीडशेला येतो. वायपर किंवा सॉकेटच्याच फ्यूजवर लावायचा, म्हणजे किल्ली फिरवली की कॅमेरा चालू, काढली की बंद. कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे मध्ये १२ चं ५ करणारं किट हवंच. अर्थिंग बॉडीच्या बोल्टला. एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) या फ्यूजांना हात लावायचा नाही. फ्यूजबॉक्स स्टिअरिंगच्या खाली आहे, म्हणून वायर ड्रायव्हरच्या बाजूने आणा.

वायरजोड
बाकी सगळं बरोबर, पण ड्रायव्हरच्या बाजूने आणा हे घाईत काम करणाऱ्या माणसाला सांगू नका. तिथे वायर नीट बांधली नाही तर पेडलवर लोंबते. ब्रेकखाली वायर आली तर मनगटात अडकण्यापेक्षा वाईट. यांच्यासाठी डावी बाजूच बरी: आरसा, छताचं अस्तर, डावा खांब, ग्लोव्हबॉक्सच्या मागून मधल्या कन्सोलच्या कडेला आणि तिथून सॉकेट. ३.५ मीटर पुरून उरतील.

पुणेरी_फ्यूज
मान्य. पण किट स्वस्तातलं घेतलं तर एफएममध्ये खरखर येते, तेही लिहून ठेवतो. माझ्या गाडीत कॅमेरा लावला की आकाशवाणी गायब व्हायची. वायरला फेराइटचा मणी अडकवला तेव्हा कुठे आवाज कमी झाला.

सांजवेळ
पण तो खांब?? तिथेच तर अडलंय.

वायरजोड
सांगतो. नियम एकच: वायर एअरबॅगच्या मागून, म्हणजे पत्र्याच्या बाजूने जायला हवी आणि गाडीची मूळ वायरिंग जिथे आधीच बांधलेली आहे तिला प्लास्टिकच्या टायने धरून. छताच्या कोपऱ्यातही हेच. त्यासाठी कव्हर काढावं लागतं आणि काही गाड्यांत त्या कव्हरला आतून एक पट्टा असतो, एअरबॅग उघडताना कव्हर उडू नये म्हणून. जोरात खेचलं तर तो तुटतो आणि तुटलेली क्लिप तशीच परत दाबून चालत नाही, नवीच घालायची.
खांब पहिल्यांदाच उघडताय, तोही रात्री, घाईत. माझं ऐका, उद्या सकाळी जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. ॲक्सेसरीचं दुकान नको, वायरिंग करणारा माणूस बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला तीन गोष्टी सांगा: आधी किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह सोडायची आणि दहा मिनिटं थांबायचं, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही आणि काळी चिकटपट्टी वापरायची नाही. ती उन्हात पाघळते, महिन्याभरात हाताला चिकट लागते. कापडी पट्टीच हवी.

गिअरबदल
एक सांगतो, कापडी पट्टीचं मलाही पटलं. माझ्या वॅगनआरमध्ये वायर प्लास्टिकवर खडखड वाजायची, कापडी पट्टी गुंडाळल्यावर थांबली. आणि माझ्या दुसऱ्या गाडीवरही एसआरएस लिहिलंय. आत्ता बघून आलो. तिच्यातली वायर रविवारी काढतो.

शेवंती
आम्हीही कोकणात जातोय. फास्टॅग काचेला कुठे चिकटवला की कॅमेऱ्याला अडत नाही?

तांबडी_माती
फास्टॅग आरशाच्या मागे मधोमध, कॅमेरा त्याच्या डावीकडे. वायपर फिरतो त्या भागात कॅमेरा हवा, नाहीतर पावसात काही दिसत नाही.

सांजवेळ (शुक्रवार, संध्याकाळी ७.१०)
झालं! वडगावात टेम्पो-रिक्षांचं वायरिंग करणारे एक काका आहेत, सकाळीच बाबांना घेऊन गेले. इथलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर सांगितलंय, बॅटरी सोडल्याशिवाय मीही हात लावत नाही." चहा होईपर्यंत थांबलो, मग त्यांनी कव्हर वरून हळूच सोडवलं. बोटाएवढी फट झाली आणि आत फिकट कापडाची घट्ट वळकटी दिसली, एका बाजूला शिवण आणि खाली पिवळा कनेक्टर. माझी वायर काल त्या शिवणीच्या बरोब्बर वरून गेली होती.
काकांनी वायर मागून घेतली, मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) तीन ठिकाणी बांधली. ग्लोव्हबॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला, उरलेली वायर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून ब्लोअरपासून लांब अडकवली. आता आरशाजवळ दोन बोटं वायर दिसते, बाकी काही नाही. बाबांनी पाचही गिअर टाकून बघितले.
वायरजोड, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. त्या खांबाशेजारी आई बसते.

वायरजोड
वाचून फार बरं वाटलं. परतल्यावर डाव्या कोपऱ्यात अस्तर सुटलंय का तेवढं बघा, घाटातल्या हादऱ्यांनी कधी कधी सैल होतं.

सांजवेळ
नक्की. एक राहिलंच, खोक्यात मागच्या काचेचा कॅमेराही आहे, सहा मीटर वायरचा. तो डिकीच्या दारातून कसा न्यायचा?

वायरजोड
दार आणि छत यांच्यामध्ये नळीसारखं रबर असतं, त्याच्या आतून. पण छताच्या कडेला तीच पडदा एअरबॅग आहे. आल्यावर विचारा, आज झोपा.