चित्रकलेचा तास: खान्देशातले अनुभव लिहा

पहिली ते चौथीच्या मुलांच्या चित्रकलेबद्दल हा धागा. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) कलेच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे लहान वर्गांची चित्रकला वर्गशिक्षकाच्या आणि घरच्यांच्या हाती. तुमच्याकडे काय घडतं ते लिहा. सुरुवात मी करते.

शिक्षिका, यावल तालुका
'निसर्गचित्र काढा' म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर नारळ. आमचा सातपुडा गावाच्या उत्तरेला आडवा पसरलेला. त्यातून सूर्य उगवेल कसा? मी तिसरीचा वर्ग मैदानात नेला आणि विचारलं, डोंगर कुठे, सकाळी ऊन कुठून येतं? मुलं वळून वळून बघू लागली. एका मुलीने कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच रेघ ओढली, हा तिचा सातपुडा. त्यापुढे केळीचा बाग, आणि प्रत्येक पान चिंध्या झालेलं. असं का, विचारलं तर म्हणाली, "वाऱ्याने तसंच होतं बाई." फळ्यावर नमुना काढून द्यायचा नाही, हा माझा नियम आहे. नमुना दिला असता तर ही पानं अखंड आली असती.

आजी, साक्री
पोळ्याला आमच्याकडे बैलांची शिंगं रंगवतात, अंगावर गेरूचे ठसे उठवतात. नातू दुसरीत. त्याने बैल काढला, आडवा उभा, पण डोळे दोन्ही एकाच बाजूला. सूनबाई खोडरबर घेऊन बसली. तो रडकुंडीला येऊन म्हणे, "हाऊ आमना ढवळ्या शे, त्याले दोन डोया शेतस!" मी खोडरबर काढून घेतलं. बरोबर केलं ना?

निवृत्त कलाशिक्षक, धुळे
आजी, अगदी बरोबर केलंत. सात ते नऊ वर्षांचं मूल दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक आहे ते काढतं. म्हणून बैलाला दोन डोळे, विहिरीच्या भिंतीतून आतलं पाणी, आणि कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, तिच्यावर सगळं उभं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रकलेतल्या अशा टप्प्यांची मांडणी केली. टप्पा वयाने सरतो, खोडरबराने नाही.

पालक, जळगाव
आमच्या भागातल्या एका क्लासमध्ये तिसरीच्या मुलांकडून माठ-तांब्याचं शेडिंग करून घेतात. 'एलिमेंटरीची तयारी' म्हणे, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची. मुलगी आता घरी चित्रं काढतच नाही. काय करावं?

निवृत्त कलाशिक्षक, धुळे
वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन हा हायस्कुलातल्या मुलांचा अभ्यास आहे. एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ, ब, क श्रेणीला दहावीत ७, ५, ३ वाढीव गुण मिळतात, म्हणून घाई होते. ताई, क्लास सोडवा. मुलीला मोठा कागद द्या, विषय देऊ नका, आणि 'हे काय काढलंस?' ऐवजी 'इथे काय चाललंय?' असं विचारा. मग ती सांगत सुटेल.

शिक्षक, धडगाव
आमच्याकडे रंगपेट्या कमी. पळसाची फुलं पाण्यात भिजवली की केशरी, हळदीचा पिवळा, हळदीत चुना कालवला की लाल, चुलीतला कोळसा काळा. ऑफिसातले पाठकोरे कागद मी जपून ठेवतो. हळदीचा लाल होताना मुलं पाहतात तेव्हा वर्गात जो आरडाओरडा होतो, तो मी थांबवत नाही.

आई, रावेर
केळीच्या पानाचा देठ आडवा कापून ठसे उठवा. आतली जाळी कागदावर सुरेख उमटते. चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही, जुना सदरा घाला.

शिक्षिका, चाळीसगाव
स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता कलादालन. १९८९ मध्ये ते गेले. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता त्यांनी छायाचित्रं, चित्रं, शिल्पं केली. चौथीची मुलं नेली की पहिला प्रश्न, "घरातच बसून एवढं?"

शिक्षक, पाचोरा
सहल अजिंठ्याला नेत असाल तर सगळी लेणी पळवत दाखवू नका. १७ व्या लेण्यातल्या छद्दंत जातकातले, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतले, हत्ती दाखवा, तिथेच थांबा. कागद तिथे काढूच नका, परतल्यावर द्या. आमच्या वर्गात एकाने हत्तीच्या पोटात पिल्लू काढलं. भिंतीवर ते नव्हतं, पण त्याच्या मते ती हत्तीण होती.