आज्जाच्या रॅली सायकलची चामड्याची सीट, तेल लावू की नवीन कातडं चढवू?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्या आज्जाची रॅली सायकल कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती, गणपतीच्या साफसफाईत खाली काढली. फ्रेम ठणठणीत, रॉडचे ब्रेकपण लागतात, पण सीटचं पार वाटोळं झालंय. चामड्याची हाय, मागच्या पट्टीवर ब्रुक्स (सीट करणारी इंग्लिश कंपनी) लिहिलंय, खाली दोन मोठ्या स्प्रिंगा. मधे झोळीसारखी बसलीय, वर पांढरी बुरशी (खानापूरचा पाऊस तुम्हाला म्हाईतच हाय), मागचे दोन रिवेट गंजून गेलेत आणि पुढं नाकाच्या रिवेटपासून करंगळीच्या नखाएवढी चीर गेलीय. दुकानात नेली तर तो म्हणूलाय की टाकून द्या ही, फोमची बसवतो, आणि जुनी पाहिजे तर मलाच द्या, शंभर रुपये देतो. ह्या शेवटच्या वाक्यानंच मला शंका आली. आता घरात खोबरेल चोळायला घेतलं होतं तर आई म्हणाली आधी कुणाला तरी विचार. तर तेल लावू, की नाकाखालचा बोल्ट आवळून ताणून घेऊ, की कातडंच नवीन घालू?

तिसरं_गेट_टिळकवाडी
आईचं ऐकलास ते बरं केलास. खोबरेल नको, आणि बोल्टला तर पाना लावूच नको. त्या सीटला आत गादी नसते, नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत नुसतं कातडं ताणलेलं असतं, म्हणजे कातडंच स्प्रिंगचं काम करतं. ते इतकी वर्षं सुकलंय, तू आवळलास की सगळा ताण जाणार रिवेटच्या भोकांवर आणि तुझी ती नखाएवढी चीर दोन फेऱ्यांत बोटाएवढी होणार. खोबरेल का नको, तर पातळ तेल आत जिरतं, कातडं मऊ पडतं आणि झोळी अजून खाली जाते, वर आपल्याकडं थंडीत खोबरेल गोठतंय, वास मारतंय ते वेगळंच. मी एकदा शहाणपणा करून एक सीट रात्रभर तेलात भिजत ठेवली होती. सकाळी पापडाच्या पिठासारखी झाली होती, परत कधी कडक झालीच नाही.
आधी बुरशी काढ. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, फडकं घट्ट पिळून पुसायचं, मग सावलीत पंख्याखाली ठेवायचं, उन्हात अजिबात नाही. दोन दिवसांनी वरून मेणाचं मलम अगदी पातळ. ब्रुक्सवाल्यांचं स्वतःचं प्रूफाइड मिळतं, त्यात चरबी आणि मधमाशीचं मेण असतं, महाग हाय पण डबी वर्षानुवर्षं पुरते. मग कडेला अंगठ्यानं हळूच वाकवून बघ. वाकलं तर जीव हाय, कडकड वाजून बारीक भेगा दिसल्या तर विषय संपला.
माझं मत विचारशील तर त्यावर बसू नको, तशीच जपून ठेव. मूळ कातडं एकदा गेलं की गेलं.

अथणीकर
जपून ठेवून काय करायचं ओ, सायकल काय देव्हाऱ्यात ठेवणार हाय का? चीर रिवेटपासून निघालीय म्हणजे ते कातडं गेलं, मेण लावून भोक काय बुजत नाही. पण खालचा सांगाडा आणि स्प्रिंगा सोन्यासारख्या असतात, तेवढ्यासाठीच तो दुकानदार शंभर रुपये देऊलाय.
आणि कातड्यासाठी लांब कशाला जाता, आपला बेळगाव जिल्हा त्याच कामाचा हाय की. अथणी, निपाणी, रायबागकडं कोल्हापुरी चपला करतात, त्यांचं तळव्याचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपले चार पण त्यात आले, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीटला लागतं ते ह्याच जातीचं, ओलं केलं की साच्याचा आकार घेतं आणि वाळलं की धरून ठेवतं. बॅगांचं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं मऊ कातडं कुणी दिलं तर घेऊ नका, ते आकारच धरत नाही. कापलेली कड बघायची, आत निळसर करडी दिसली तर क्रोम, आरपार तपकिरी असली तर आपलं. नाहीतर एक कात्रण जाळून बघा, क्रोमची राख हिरवट येते.
पाच मिलीच्या आसपास जाड, आणि पाठीचं मागा, पोटाकडचं ताणत राहतं. मी स्वतः केलेली एक सांगतो. जुनं कातडं रिवेट कापून काढलं, तोच नमुना धरून दोन बोटं जास्त ठेवून रापीनं (चांभाराच्या सुरीनं) कापून घेतलं. कोमट पाण्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबले की काढलं, लाकडाच्या ठोकळ्यावर चढवून खालून दोरी आवळली आणि पितळी चमच्याच्या पाठीनं नाकापासून मागं घासत घासत सुरकुत्या उतरवल्या. ह्याला तासभर गेला, अंगठे दुखून आले. मधे फोन उचलायला गेलो तेवढ्यात एक सुरकुती बसली, ती आजपण हाय. तीन दिवस सावलीत वाळवून मग कड कापली, आरीनं भोकं पाडली.

उद्यमबाग_लेथवाला
अथणीकरांनी एक सांगितलं नाही, रिवेट मारायच्या आधी नाकाचा बोल्ट पूर्ण सैल करून ठेव, नाहीतर पुढं ताणायला जागाच राहत नाही. आधी मागचे रिवेट मारायचे, मग कातडं ओढून नाकाचे. तांब्याचे भरीव घे, डोकं कातड्याच्या वरच्या बाजूला ठेवून सीट जाड लोखंडावर उलटी टेकवायची आणि आतून गोल तोंडाच्या हातोडीनं हळूहळू पसरवायचं. एका दणक्यात करायला गेलास तर वाकतंय. जुने छिन्नीनं तोडू नको, पट्टी वाकते, आतल्या बाजूनं डोकं ड्रिलनं खाऊन काढ.
आणि सायकल इंग्लंडची हाय की आसनसोलच्या सेन-रॅली कारखान्याची? मागच्या चाकाच्या मधे तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब असेल तर त्यावर वर्षाचा आकडा ठोकलेला असतो, रॉकेलनं पुसून बघ.

खानापूरचा_पोरगा
सगळ्यांना थँक्यू. गिअर नाहीत ओ, साधीच हाय. व्हिनेगरनं पुसली, बुरशी गेली. कड वाकवून बघितली, मागं वाकते, पण नाकाकडं कडकड वाजलं, म्हणजे तिसऱ्या गेटवाल्यांचा विषय संपला आणि अथणीकरांचा सुरू झाला म्हणायचं. जुनं कातडं मात्र टाकणार नाही, डाव्या बाजूला आज्जाच्या धोतराच्या काठानं घासून घासून एक काळी चकचकीत पट्टी पडलीय, ती बघून आई गप्पच झाली. अथणीकर, रविवारी अथणीला येऊलोय, कातडं निवडायला बरोबर याल का?

अथणीकर
या की. पण अकराच्या आत या आणि सांगाडा बरोबर आणा, नुसत्या मापावर कातडं घेऊ नका.

तिसरं_गेट_टिळकवाडी
काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढ रे, आणि इथं टाक.