मदत हवी आहे: व्हायरसवाली हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवरून साफ करायचीय

परभणीत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दुकानातल्या विंडोज १० च्या पीसीत व्हायरस शिरलाय. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब, नुसते शॉर्टकट दिसतात. डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) मध्येच बंद पडतो. ऑफलाइन स्कॅन (विंडोज चालू व्हायच्या आधी होतो तो) केला, रीस्टार्टनंतर पुन्हा तेच.

आता डिस्क काढून साटा-यूएसबी केबलनं लॅपटॉपला लावणार आहे. ऑटोप्ले (डिस्क लावली की आपोआप उघडणं) बंद केलंय, अँटिव्हायरस अपडेट करून मग नेट काढणार. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) नाही. फॉरमॅट मारा म्हणू नका बाबांनो, गिऱ्हाइकांच्या श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) फायली आहेत आतमधी.

बाहेरून स्कॅन केल्यावर त्या डिस्कवरच्या विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या (सेटिंग्जची नोंदवही) अन् टास्क शेड्युलरमधल्या (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारा) व्हायरसच्या नोंदीपण निघतात का, की रेगएडिटमध्ये (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) 'लोड हाइव्ह' करून, म्हणजे त्या डिस्कची रजिस्ट्री लॅपटॉपवर उघडून, हातानंच काढाव्या लागतात?