1 ऑगस्टचा दिनविशेष: नोंद कशी लिहावी, चूक कुठे होते

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी. त्यातच महसूल दिन, आणि 2024 पासून नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या ऑलिंपिक पदकाची भर. शाळेचा फळा, वृत्तपत्रातली चौकट, सभेतलं निवेदन, अशा कोणत्याही रूपात 1 ऑगस्टचा मजकूर ज्यांच्या हातून जातो, त्यांनी आपली पद्धत सांगावी. काय घेता, काय सोडता, चूक नेमकी कुठे होते? कामापुरतंच लिहा.

शाळेचा फळा लिहिणारी शिक्षिका

तीन फूट उंचीच्या फळ्यावर सात ओळी, त्याहून जास्त नको. अक्षर दोन इंची ठेवलं की मागच्या रांगेतल्या मुलालाही वाचता येतं. दोन ओळींमध्ये तेवढीच जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांमध्ये अडकतात.

टिळक: जन्म 23 जुलै 1856, रत्नागिरी, निधन 1 ऑगस्ट 1920, सरदारगृह, मुंबई. मुलांच्या भाषणांत जन्मगाव म्हणून चिखलगाव येतं, ते त्यांचं मूळ गाव. अण्णा भाऊ: जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, निधन 18 जुलै 1969. दोन्हीकडे दिवस आणि साल एकच असल्यामुळे घाईत एकाची जयंती दुसऱ्याच्या नावापुढे लागते. म्हणून 'पुण्यतिथी' किंवा 'जयंती' हा शब्द आधी लिहावा, नाव नंतर.

कितवी जयंती हे सरळ वजाबाकीनं काढा. 2025 वजा 1920 म्हणजे 105वी. जन्माचाच दिवस पहिला धरून मोजलं की एक आकडा वाढतो, आणि मग शेजारच्या दोन शाळांत दोन वेगळे आकडे दिसतात.

दोन्ही नावं एकाच मापात लिहावीत, याबद्दल मी आग्रही आहे. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला माणूस कादंबरीकार आणि लोकशाहीर झाला, हे शाळेच्याच फळ्यावर नीट दिसायला हवं. त्यांना खालच्या कोपऱ्यातली उरलेली ओळ देऊ नये.

पुरवणीसाठी संकलन करणारा

1920 सालच्या त्या दिवसाची तिसरी नोंद असहकाराची. ती बहुतेक वेळा 'काँग्रेसने असहकार आंदोलन सुरू केले' अशी छापली जाते. 1 ऑगस्टला आंदोलनाचा आरंभ गांधीजींनी केला आणि ब्रिटिश सरकारचं कैसर-ए-हिंद पदक परत करणारं पत्र व्हाइसरॉयला लिहिलं. काँग्रेसची मान्यता सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात मिळाली आणि डिसेंबरमध्ये नागपूरला तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. कर्ता बदलला की नोंद साफ होते.

जुन्या मजकुरात टिळकांच्या निधनाची तारीख कधी 31 जुलै दिसते, कारण ते मध्यरात्र उलटल्यावर गेले. अशी तफावत दिसली की मूळ मजकुरात 'रात्री' हा शब्द आहे का, ते आधी पाहा.

पंचांगाचं गणित करणारा

वरच्या मुद्द्याला जोड. 1 ऑगस्ट 1920 हा रविवार. पण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे मध्यरात्रीनंतरचं टिळकांचं निधन, ही घटना पंचांगानं शनिवारची आणि इंग्रजी तारखेनं रविवारची. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाचा वार आणि दुसऱ्याची तारीख एकत्र लिहू नये. वार पडताळणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. तारीख आणि वार जुळत नसेल तर दोहोंपैकी एक चुकलंच आहे.

शक काढताना गुढीपाडव्यानंतरची तारीख असेल तर इसवी सनातून 78 वजा करायचे, आधीची असेल तर 79. म्हणून इथे शके 1842.

क्रीडा पानाचे काम पाहणारा

कुसाळेची नोंद सोपी वाटते, आणि तिथेच जास्त घसरगुंडी होते. पॅरिस ऑलिंपिक म्हणून ठिकाण पॅरिस लिहिलं जातं. नेमबाजी झाली शातोरू इथे. पात्रता फेरी 31 जुलै 2024 ची, तिथे 590 गुण आणि सातवा क्रमांक. अंतिम फेरी 1 ऑगस्टची. दिनविशेषात पदकाचा दिवस घ्यायचा.

प्रकार लिहा: पुरुषांची 50 मीटर रायफल, तीन पोझिशन. क्रम आधी गुडघ्यावर, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून. अंतिम फेरीत आठ जण. पहिल्या दोन पोझिशनमध्ये प्रत्येकी 15 फैरी. उभ्यानं 10 झाल्या, म्हणजे एकूण 40, की तळाचे दोघं बाहेर. तिथून पुढे दर फैरीला एक जण बाद.

आता गुण पाहा. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनचं 463.6, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशचं 461.3, कांस्य कुसाळेचं 451.4. हे तीन आकडे शेजारी ठेवून कुसाळे रौप्यापेक्षा 'दहा गुणांनी मागे' असं लिहिलेलं आढळतं. ते चूक आहे. तिसऱ्याची शर्यत 44 व्या फैरीला संपते, पहिले दोघं 45 मारतात. एका फैरीचे जास्तीत जास्त 10.9 गुण, म्हणजे तो जवळपास सगळा फरक न मारलेल्या एका फैरीचा आहे. 451.4 लिहायचं तर '44 फैरींत' हे दोन शब्द सोबत हवेतच.

'महाराष्ट्राला 72 वर्षांनी पदक' या वाक्यात 'वैयक्तिक' हा शब्द गाळू नका. आधीचं वैयक्तिक पदक खाशाबा जाधवांचं: हेलसिंकी 1952, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट, कांस्य. कुसाळेचं गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर. गोळेश्वर हे खाशाबांचं गाव, कराडजवळ.

याच तारखेला 1936 चं बर्लिन ऑलिंपिक सुरू झालं. तिथे फक्त 'उद्घाटन' लिहा. ध्यानचंदच्या संघाचं सुवर्ण 15 ऑगस्टचं, अंतिम सामना जर्मनीशी, 8-1.

महसूल खात्यातला

महसूल दिन 1 ऑगस्टलाच का, हे कुणी लिहीत नाही. महसुली वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै असतं. गावचे हिशेब 31 जुलैला बंद होतात आणि दुसऱ्या दिवशी नवं वर्ष उघडतं. ही एक ओळ जोडली तरी नोंदीला अर्थ येतो.

जगाच्या नोंदी तपासणारी

तीन ठिकाणी थांबून पाहा.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरीबंदी: कायदा 1833 चा, अंमल 1 ऑगस्ट 1834 पासून. 'मंजूर' आणि 'लागू' यांची अदलाबदल होते.

स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन: तो ज्यावरून पाळतात, त्या तिथल्या प्रांतांमधल्या 1291 च्या करारात ऑगस्टचा आरंभ एवढंच आहे. 1 तारीख पुढे ठरवून घेतलेली. म्हणून '1 ऑगस्ट 1291 रोजी करार झाला' असं ठामपणे लिहू नये.

इंग्लंडची राणी अ‍ॅन 1 ऑगस्ट 1714 रोजी वारली, पण ती तारीख जुन्या ज्युलियन गणनेची; युरोपात बहुतेक ठिकाणी तेव्हा 12 ऑगस्ट होता. इंग्लंडनं गणना बदलली 1752 मध्ये. त्यामुळे इंग्रज शास्त्रज्ञ प्रीस्टलीचा ऑक्सिजनचा प्रयोग, 1 ऑगस्ट 1774, बिनधास्त घ्या.

निवेदन लिहिणारा

ऐकवायच्या मजकुराला मिनिटाला 110 ते 120 शब्द धरा. चार नोंदी, प्रत्येकी दोन वाक्यं. साल वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं तर कानाला पकडता येतं. भगवान दादा (1913) आणि मीना कुमारी (1933) यांचे जन्म याच तारखेचे, दोघांना मिळून एक वाक्य पुरतं. 'वाढदिवस' हा शब्द हयात व्यक्तीसाठीच. यादी गेल्या वर्षीची असेल तर त्यातली हयात नावं आदल्या संध्याकाळी पुन्हा तपासा.