अंजनेरीच्या पठारावरची छोटी पांढरी आमरी, या वर्षी नुसती पानंच आलीयेत, फुलं का नाहीत?

सातपूरचा_भटक्या:
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आषाढात अंजनेरीला गेलो होतो तेव्हा वरच्या पठारावर पायवाटेच्या अगदी कडेला छोटी पांढरी फुलं दिसली, वीतभर पण उंची नाही, खाली जमिनीला चिकटून बसलेलं एकच गोल जाडसर पान आणि त्यातून निघालेला दांडा, दांड्यावर एक-दोन फुलं. फोटो दाखवल्यावर एका मित्राने सांगितलं ही जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किड. मला तोवर वाटायचं ऑर्किड झाडावरच असतं. या रविवारी मुद्दाम त्याच जागी गेलो, शेजारी मोठा कातळ आहे त्यामुळे जागा पक्की लक्षात होती. पानं तीन आहेत, फूल एकालाही नाही. आणि वाट गेल्या वर्षीपेक्षा हातभर रुंद झालीये. मरतायत का ही झाडं? माझी बहीण म्हणते कंद काढून आणू, कुंडीत लावू, निदान वाचतील तरी. आणू का?

माळरान:
दादा, कंद काढू नका, प्लीज. बाकीचं नंतर, हे आधी.
वर्णनावरून हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस वाटतेय, एकच गोल पान जमिनीला चिकटलेलं ही तिची खूण. सह्याद्रीच्या पठारांवर असते, कासलाही दिसते. हे नाव ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी १९३२ मध्ये दिलं. हबेना म्हणजे लॅटिनमध्ये लगाम किंवा चामड्याचा पट्टा, या गटातल्या फुलांचे लांबुडके भाग बघून ते नाव पडलं.
आता फूल का नाही ते. हिचे जमिनीखाली एका वेळी दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, त्याच्यावर या वर्षीचं पान आणि फूल निघतं आणि तो सुरकुतत जातो. दुसरा नवा, तो या वर्षीचं पान जे अन्न बनवतं त्याच्यावर भरतो. म्हणजे यंदाचं फूल हे गेल्या पावसाळ्याच्या कमाईवर. पान एकच, ते जर जुलैमध्ये कुणाच्या बुटाखाली चिरडलं तर नवा कंद बारीक राहतो आणि पुढच्या वर्षी नुसतं पान निघण्यापुरतीच ताकद उरते. कधी कधी तेही येत नाही, कंद वर्षभर जमिनीतच बसून राहतो. त्यामुळे तुमची झाडं मेलेली नाहीत, पण उपाशी आहेत हे नक्की.

त्र्यंबककर:
आम्ही इकडचेच, लहानपणापासून बघतोय. ही फुलं पावसाच्या सुरुवातीला येतात, गवत वाढायच्या आत. नंतर गवत गुडघाभर होतं, त्याच्याखाली हे पान दिसत पण नाही. गणपती झाले की पान पिवळं पडायला लागतं आणि दिवाळीला तिथे काही होतं हे सांगूनही पटणार नाही. अडचण हीच आहे, लोकांना मोकळी जागा दिसते म्हणून तिथेच सतरंजी टाकून बसतात, चिखल चुकवायला वाटेच्या बाजूने चालतात, आणि बाजूलाच तर ही असते. चिखलातून चाला हो, बूट धुता येतात.

वनस्पती_ताई:
वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी कुंडीबद्दल बोलते, मी कॉलेजला बॉटनी शिकवते.
आमरीचं बी धुळीसारखं असतं, एका बोंडात हजारो. त्यात कोंबाला पुरेल असा अन्नसाठा नसतोच. मातीतली ठराविक बुरशी त्यात शिरली आणि तिने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. मोठं झाल्यावरही मुळांशी बुरशीची सोबत असते. कुंडीत तुम्ही कंद आणाल, ती माती आणि बुरशी, ते धुकं, आठ महिने कोरडा कातळ हे कुठून आणणार? एखादं वर्ष पान येईल, मग कंद कुजेल. घरी नेलेले असे बरेच कंद मी कुजलेले पाहिलेत, वाईट वाटतं. आणि जगात सगळ्याच ऑर्किडच्या व्यापारावर साइटीस करारानुसार नियंत्रण आहे, ते उगाच नाही.
पुढच्या वेळी फूल मिळालं तर न तोडता मागून बघा. मागे एक लांब शेपटी लोंबत असते, मध तिच्या टोकाशी. लांब सोंडेचा पतंगच तिथपर्यंत पोचतो, मध पिताना परागांचे चिकट गोळे त्याच्या तोंडाला लागतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. अजून एक, कळी असताना तीन भागांत फाकलेली पाकळी वरच्या बाजूला असते, उमलताना फुलाचा देठासारखा दिसणारा भाग पीळ घेतो आणि अख्खं फूल उलटं होतं, म्हणून ती पाकळी आपल्याला खाली दिसते. तो पीळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो.
बाय द वे, त्याच अंजनेरीवरून २००६ मध्ये कंदीलपुष्पाची नवीन जात नोंदवली गेली, सेरोपेजिया अंजनेरिका. तिचाही कंदच असतो जमिनीत. म्हणजे त्या पठारावर पायाखाली काय काय झोपलेलं असतं बघा.

सातपूरचा_भटक्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. माळरान यांचं वाचून गेल्या वर्षीचे फोटो परत झूम करून बघितले. तीनपैकी दोन पानांवर बुटाचा ठसा स्पष्ट आहे, एकाची कड फाटलेली. तेव्हा फुलांकडेच बघत होतो, पानाकडे लक्षच गेलं नाही. कदाचित तो ठसा आमच्याच ग्रुपमधल्या कुणाचा असेल.
कुंडी कॅन्सल. बहिणीला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली पुढच्या रविवारी मलाच ने, पाऊस असला तरी, तो पीळ बघायचाय. वाटेपासून लांब कुठे फुललेली असेल तर सांगतो, पण जागा इथे टाकणार नाही.