सल्ला हवा: मठातून आर्चबिशप झालेल्या कोणाचं चरित्र सांगू?

गड्डाकर:
मंडळी, सोलापुरात आमचा निवृत्तांचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकाने अर्धा तास एक चरित्र सांगायचं. मला चिठ्ठी आली ‘मठातून आर्चबिशप झालेला संन्यासी’. मठ म्हटलं की आमच्याकडे होटगी मठच आठवतो! कोणाला घेऊ? सनावळी सुरू झाली की आमचे अप्पा घोरायला लागतात, एवढं ध्यानात ठेवा.

वसईची_मावशी:
ॲन्सेल्म घे रे. बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे साधू; फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या बेक मठाचे प्रमुख. १०९३ साली राजा आजारी असताना बिशपांनी त्यांच्या मिटल्या मुठीत धर्मदंड अक्षरशः कोंबला आणि इंग्लंडमधल्या कँटरबरीचं आर्चबिशपपद गळ्यात मारलं. पुढे राजांशी वाद होऊन दोनदा देशाबाहेर राहावं लागलं.

पार्कचौक:
मावशी, किस्सा झकास, पण त्यांचा देव सिद्ध करणारा तर्क निघाला की अप्पा गेलेच. बेसिल ह्यूम घ्या. जन्म १९२३, न्यूकॅसल. वडील प्रोटेस्टंट डॉक्टर, आई फ्रेंच कॅथलिक. अठराव्या वर्षी ॲम्पलफोर्थच्या मठात गेले, तिथल्या शाळेत शिकवलं, पोरांना रग्बीही शिकवली. १९६३ला मठाधिपती आणि १९७६ला थेट लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरचे कॅथलिक आर्चबिशप. दीक्षाविधीच्या संध्याकाळी त्यांच्या मठातल्या साधूंनी वेस्टमिन्स्टर ॲबीत लॅटिनमध्ये सांजप्रार्थना गायली. ती ॲबी म्हणजे आठव्या हेन्रीने बंद पाडलेला बेनेडिक्टाइन मठच.

पण हे सगळं पाच मिनिटांत उरका. बाकी वेळ जुझेप्पे कॉनलनला द्या. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या १९७४च्या बॉम्बस्फोटात पोरगा पकडला गेला म्हणून हा आजारी बाप बेलफास्टहून मदतीला आला, तर त्यालाच आत टाकलं. ह्यूम तुरुंगात त्याला भेटले आणि माणूस निर्दोष आहे याची त्यांना खात्री पटली. कॉनलन १९८०ला शिक्षा भोगतानाच गेला. ह्यूमनी मात्र गृहमंत्र्यांचा पिच्छा सोडला नाही. त्या स्फोटासाठी शिक्षा झालेले चौघे, पोरासकट, १९८९ला सुटले, बापाची शिक्षा रद्द झाली १९९१ला. इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्यांना यातलं काही वेगळं समजावायला नको.

वसईची_मावशी:
पटलं. फक्त ‘महंत’ म्हणू नकोस, ‘मठाधिपती’ म्हण. आणि शेवट विसरू नकोस: १९९९च्या एप्रिलमध्ये कॅन्सर झाल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, १७ जूनला गेले.

गड्डाकर:
ठरलं, ह्यूम. जुझेप्पेपासूनच सुरू करतो. पण रग्बी कशी समजावू?

पार्कचौक:
लंबुळक्या चेंडूची कबड्डी म्हणा आणि पुढे चला.