अनुभव धागा: बाईकच्या वायरिंगला धरलेला गंज, कोणी कसा काढला आणि परत येऊ नये म्हणून काय केलं

बाईक मध्येच बंद पडणं, सेल्फ न लागणं, लाइट मंद होणं, असं काही झालं की पहिला संशय बॅटरीवर नाहीतर महागड्या पार्टवर जातो, आणि बऱ्याचदा खरा दोषी निघतो एखादा हिरवा पडलेला कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) नाहीतर अर्थिंगचा (बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या धातूला जोडणाऱ्या वायरीचा) गंजका बोल्ट. पार्ट बदलण्याआधी जोड बघा, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. तुमच्या गाडीत गंज नेमका कुठे सापडला, कसा सापडला, साफ कशाने केला, सविस्तर लिहा.

---

माझ्या गाडीला सेल्फ मारला की नुसतं टक टक, बॅटरी नवी, व्होल्टेज १२.६. मग मल्टिमीटरच्या (व्होल्ट मोजायच्या मीटरच्या) वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं आणि मित्राला सेल्फ दाबायला सांगितलं, तर तिथे जवळजवळ दोन व्होल्ट दिसले. अर्धा व्होल्टसुद्धा जास्त म्हणायचा तिथे. अर्थिंगची वायर चेसीला लागते तो बोल्ट काढला तर थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या रिंगखाली) गंज आणि रंगाचा थर. सँडपेपरने धातू चकचकीत दिसेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलीन लावलं. तेव्हापासून सेल्फ एका दाबात लागतोय.
हे माप सेल्फ दाबलेला असतानाच घ्यायचं बरं का. नुसता कंटिन्युइटीचा (वायर सलग आहे हे सांगणारा मीटरचा) बीप ऐकून काही कळत नाही, वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो वाजतो, पण करंट ओढायला लागलं की ती एक तार कुठे पुरणार!

---

माझा अनुभव रेग्युलेटरच्या (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या पार्टच्या) कपलरचा. चार्जिंग होत नव्हतं म्हणून मेकॅनिकने स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) बदलायला सांगितलं होतं, मी आधी कपलर उघडून बघितला तर एक पिन तपकिरी होऊन प्लॅस्टिक वितळलेलं. गंजाने रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्सने उष्णता, उष्णतेने पिन सैल पडते आणि मग अजून रेझिस्टन्स, असं चक्रच आहे ते. हिशोब करून बघा, ०.१ ओहमच्या जोडातून १० अँपिअर गेले तर १ व्होल्ट तिथेच खर्च आणि १० वॅट उष्णता त्या चिमुकल्या पिनमध्ये. असा जळका कपलर साफ करत बसू नका, टर्मिनलसकट बदला. मी तेच केलं आणि रेस केल्यावर बॅटरीवर १४ च्या वर व्होल्ट मिळायला लागले, स्टेटर ठणठणीत होता.

---

डावा इंडिकेटर लावला की उजवाही मिणमिणायचा. अर्थिंग खराब असलं की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट शोधतो. होल्डर घासला, काम झालं.

---

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी खास लिहितोय. खारट हवेत गंज वायरच्या आत शिरतो, वरून रबर अगदी छान दिसतं पण सोललं की आतली तांब्याची तार काळी ठिक्कर. अशा तारेवर सोल्डर धरतच नाही. लालसर चमकदार तांबं लागेपर्यंत वायर मागे मागे कापायची आणि कमी पडली तर त्याच जाडीचा नवा तुकडा जोडायचा. जोड मी क्रिंपच करतो (धातूची नळी पक्कडीने वायरीवर दाबून) कारण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि व्हायब्रेशनने नेमकी तिथेच तुटते. जोडावर, आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). साधी चिकटपट्टी नको, उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि मग धूळ, पाणी सगळं तिथेच मुरतं.

---

वर सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त ग्रीसबद्दल सांगते कारण यात फार गोंधळ होतो. डायइलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहून नेत नाही, ते पाणी आणि हवा अडवायला असतं. म्हणून आधी काँटॅक्ट क्लीनर मारून छोट्या ब्रशने हिरवं सगळं काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं, सैल झालेली फिमेल पिन (जिच्यात दुसरी पिन शिरते ती) हलक्या हाताने दाबून घट्ट करायची आणि मगच ग्रीस. पिना घट्ट बसल्या की धातूला धातू टेकतो, ग्रीस बाजूला सरकतं. घाणीवरच ग्रीस थापलं तर गंज आत तसाच राहतो.
आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कपलरवर अजिबात लावू नका, सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि ते तांबं खातं.

---

बॅटरी टर्मिनलवर पांढरी निळसर पावडर जमत असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने लावा, फेस थांबला की पुसून कोरडं करा. ॲसिडवाली बॅटरी असेल तर सोडा झाकणातून आत जाऊ देऊ नका. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना चेसीला टेकला की ठिणगी.

---

प्रेशर वॉशरचा फवारा हेडलाइटच्या मागे, स्विचवर आणि सीटखाली थेट मारू देऊ नका, पावसाच्या पाण्याला जिथे शिरता येत नाही तिथे हे पाणी जोरात घुसतं. मी पावसाळ्याआधी टाकी आणि सीट काढून सगळे कपलर एकदा उघडून बघतो. वायर कपलरमध्ये वरून सरळ उतरत असेल तर तिला खाली थोडा झोल देऊन मग कपलरकडे वर वळवतो म्हणजे पाणी झोलातूनच खाली गळून जातं. साइड स्टँडचा स्विच मात्र विसरू नका, सगळ्यात जास्त चिखल तोच खातो आणि तो बिघडला की गिअर टाकताच गाडी बंद.